पाणी कुठपर्यंत आलंय? पुराच्या मेसेजच्या प्रोजेक्टची वही

३ फेब्रुवारी

डिझाइनच्या प्रोजेक्टचा विषय एकदाचा ठरला. वर्गातल्या निम्म्या पोरांनी हळदीचं पॅकेजिंग घेतलंय, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून आमच्याकडं दरवर्षी हळद असतेच, उरलेल्यांनी भडंग आणि बेदाणा वाटून घेतलाय. मी पुराचे मेसेज घेतले. म्हणजे जुलै-ऑगस्टात आपल्या सगळ्यांच्या फोनवर जे येत असतं ना, कोयनेतून इतकं सोडलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इतके फूट झाले, अमुक रस्ता बंद, ते सगळं. मॅडमनी विचारलं पोस्टर करणार का, मी म्हणलं मेसेजच करते, पूर आल्यावर पोस्टर बघायला रस्त्यावर कोण असतंय. त्यांची अट एकच, जे करशील ते चार ग्रुपमधून फिरून आल्यावर त्याचं काय उरतं ते दाखवायचं, नुसती फाइल सबमिट करून मोकळं व्हायचं नाही. अट आवडली खरं तर. सेमिस्टरभर मॉकअपमध्ये छान दिसणाऱ्या गोष्टी करून कंटाळा आलाय, त्या पांढऱ्या टेबलावरच्या आयफोनमध्ये काहीही टाका, सुंदरच दिसतं.

८ फेब्रुवारी

आईचा फोन, मामाचा फोन, अपार्टमेंटचा ग्रुप, मामाच्या तालमीचा ग्रुप. २०१९ आणि २०२१ चं जे डिलीट झालेलं नाही ते सगळं एका फोल्डरात काढून ठेवलं. वाचता वाचता रात्र झाली, मधे मधे डिझाइनचं डोकं बाजूलाच पडत होतं कारण आपल्याच गल्लीचे फोटो.

बघण्यासारखी गोष्ट ही की तारीख कशावरच नाही. "आज सायंकाळी ५ वाजल्यापासून", आता हे आज म्हणजे कुठला आज? "पुढील दोन तासांत पाणी वाढणार", दोन तास कधीपासून मोजायचे? लिहिणाऱ्यानं लिहिलं तेव्हा ते बरोबरच असणार, पण फॉरवर्ड केलं की मेसेजवर फॉरवर्ड केल्याची वेळ दिसते, मूळ कधीचा ते दिसत नाही. व्हॉट्सॲपनं २०१८ मध्ये फॉरवर्डेडचं लेबल आणलं, भारतात एका वेळी पाचच चॅटना पाठवता येईल असं केलं, २०२० पासून जे लई फिरलंय ते एका वेळी एकाच चॅटला जातं. हे सगळं ठीक आहे, पण मेसेज किती फिरला ते कळतं, किती शिळा झालाय ते कळत नाही. मामाच्या ग्रुपवर २०२१ ला जो व्हिडिओ "आत्ताची परिस्थिती" म्हणून आलाय तो त्याच्याच फोनमध्ये २०१९ च्या ऑगस्टातही पडलेला आहे. आणि पाठवणारा माणूस वाईट नाही हो, त्याला काळजीच होती.

१३ फेब्रुवारी

आज आकड्यांच्या मागं लागले. कोयना धरण १०५ टीएमसीचं, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे ५० हजार क्युसेक सोडलं तर सेकंदाला १४ लाख लिटर. साधारण साडेअकरा हजार क्युसेक सलग २४ तास सोडलं की एक टीएमसी होतं. हे गणित मी वहीत तीनदा लिहिलं तेव्हा डोक्यात बसलं, आणि मग वाटलं, बरं, बसलं, पण यातून माझ्या दारात पाणी येणार का ते कळलं का? नाही.

कारण मधे लई काय काय आहे. कोयनेचं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, तिथून खाली येईपर्यंत ओढे-नाले भर घालतात, आणि सांगलीच्या जरा खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणा तुंब भरून आली असेल तर कृष्णेचं पाणी पुढं सरकतच नाही, मागं फुगतं. त्यामुळं कोयनेचा एकच आकडा एका वर्षी निभावून जातो आणि दुसऱ्या वर्षी घरात शिरतो.

आयर्विनचा आकडा त्यातल्या त्यात आपला. पूल १९२९ चा, तिथल्या पातळीवरच सांगली चालते, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, २०१९ ला ५७ च्याही वर गेलं होतं. शाळेतल्या पोरालाही हे पाठ. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड, इथं ४० व्हायच्या आधीच लोकांची उचलाउचल सुरू झालेली असते. आणि विश्रामबागेतल्या माणसाला ४५ म्हणजे फक्त बातमी. पुलावर आकडा एकच, शहरात अर्थ पन्नास.

२० फेब्रुवारी

लोकांशी बोलायला सुरुवात केली. सूर्यवंशी प्लॉटातल्या एका काकूंना विचारलं मेसेज आला की पहिलं काय बघता. काकू म्हणाल्या, "मेसेज कशाला बघू? कोपऱ्यावरच्या हापशाचा कट्टा बुडला की मी गॅसची टाकी माळ्यावर टाकते. कट्टा बुडला, मग आमची खालची पायरी, मग वरची, मग चला शाळेत." मी म्हणलं फुटात किती होतं तेव्हा? "ते तुमचं तुम्ही बघा की."

मग हरभट रोडवर एका काकांच्या दुकानात गेले, किराणा होलसेल. त्यांनी शटरच्या आतल्या चौकटीवर ऑइलपेंटनं रेषा मारल्यात, शेजारी साल. २००५ ची पोत्यांच्या थप्पीमागं गेलीय, एक पोतं सरकवून दाखवली. २०२१ ची त्याच्या वर. २०१९ ची बघायला मला मान वर करायला लागली. आणि मजा म्हणजे विजेचा बोर्ड, जुना बोर्ड होता तिथं भिंतीत चौकोनी खड्डा तसाच आहे, नवा बोर्ड २०१९ च्या रेषेच्या वीतभर वर, स्टुलावर चढून बटण दाबायला लागतं. काका म्हणाले, "गिऱ्हाईक हसतंय. हसू दे." मी त्या चौकटीचा फोटो काढला आणि बाहेर येऊन वाटलं की मी चार महिने बसून जे करणार ते ह्यांनी ब्रश घेऊन केलंय.

तिथूनच जरा खाली म्हशीवाले मामा भेटले. ते थेट म्हणाले तुमचे मेसेज माणसांसाठी असतेत. "माणूस पाणी बघून पळतंय. म्हस ट्रॉलीत चढवायला घ्या, मग कळंल. मला आदल्या दिवशी सांगा न्हाईतर सांगूच नका." हे मी विचारातच घेतलं नव्हतं. म्हणजे एकच पाणी, पण काकूंना दोन तास पुरतात, दुकानदाराला माल वर घ्यायला अर्धा दिवस, आणि मामांना अख्खा दिवस. तिघांना एकच मेसेज जातो, "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सतर्क. रोजच सतर्क राहायचं म्हणल्यावर कुणी राहत नाही, सरळ गोष्ट आहे.

२६ फेब्रुवारी

कागदावर लेआउट. माझा क्रम: सगळ्यात मोठी वेळ आणि वार, त्याच्या खाली गल्ली, मग पाणी कुठपर्यंत आलंय आणि चढतंय का उतरतंय, मग काय करायचं, आणि सगळ्यात खाली आयर्विनचे फूट.

यावर रूममेटशी जाम भांडण. ती म्हणते आकडा वर पाहिजे, आकड्यामुळं विश्वास बसतो, आकडा खाली टाकलास तर लोक म्हणणार कुणीतरी घरी बसून बनवलंय. तिचं बरोबर आहे थोडं. पण "४२ फूट" हे वाचून मला सांग पाणी वाढतंय का कमी होतंय? ३९ वरून ४२ झालं तर पळायचं, ४५ वरून ४२ झालं तर झाडू घ्यायचा, आकडा तोच. शेवटी आकडा राहू दिला, पण त्याला बाण जोडला आणि बाणाशेजारी "सकाळपासून एक फूट चढलं" असं लिहिलं. बाण एकटा पण चालत नाही, आईला दाखवला तर तिला वाटलं वरच्या बाजूला जा असं सांगायलेत.

५ मार्च

फॉन्टचा दिवस, म्हणजे आठवडाच. मुक्ता, नोटो, बलू तिन्ही लावून बघितले. मला स्वतःला बलू आवडतो पण पुराच्या मेसेजला तो फारच आनंदी दिसतो, लहान मुलांच्या वाढदिवसाचा वाटतो. मुक्ताच्या जाड वजनावर थांबले.

खरा त्रास छोट्या गोष्टींचा. रोमनमध्ये ओळी जवळ घेतल्या तर फक्त गिचमिड होते, आपल्याकडं वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात, "पूर्ण" मधला रफार वरच्या ओळीतल्या "कृष्णा"च्या ऋकाराला टेकला होता. "खोऱ्यात" हा शब्द एका ॲपमध्ये टाकला तर ऱ्य तुटून भलतंच झालं. ॲ ला युनिकोडमध्ये (सगळे फोन-कॉम्प्युटर अक्षरांची जी एकच यादी वापरतात तिच्यात) स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, पण अजून काही जुन्या फोनवर चौकोन येतो, माझ्या मेसेजमध्ये ॲम्ब्युलन्स आहे, म्हणजे नेमका तोच शब्द चौकोन घेऊन जाणार (म्हणून टेक्स्ट न पाठवता इमेज, पण मग इमेजचे वेगळे ताप). काही फॉन्टांत भाषा मराठी निवडली तरच आपला ल आणि श येतो, नाहीतर हिंदीतला. कुणाचं काय अडत नाही म्हणा त्यानं, शासनाचा २००९ चा निर्णय आहे त्यावर, मला मात्र टोचतं.

आणि जुन्या प्रेसनोट! जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली नोट कॉपी करून चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो, मग लोक काय करतात, स्क्रीनचा फोटो काढतात तिरका, आणि तो फिरतो. त्या एका तिरक्या फोटोत मी खरी सरकारी माहिती बघितली जी कुणालाच वाचता येत नव्हती.

आकडे देवनागरीच ठेवले. अंधूक झालं की १ आणि ९ सारखे दिसतात, त्यामुळं वेळेच्या आकड्यांना सगळ्यात जाड वजन, आणि वेळेबरोबर सकाळ-दुपार-रात्र शब्दात. "९" पुसट झाला तरी "रात्री" उरेल.

१३ मार्च

रंग. हवामान खात्याचे चार रंग लोकांना चांगले माहिती झालेत, हिरवा, पिवळा, केशरी, लाल. म्हणून मला वाटलं तेच उचलावेत. मग लक्षात आलं की तो रंग पावसाचा आहे, नदीचा नाही. साताऱ्याच्या घाटाला रेड अलर्ट असतो, महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला धो धो कोसळत असतो, आणि सांगलीत लख्ख ऊन. २०१९ ला पाणी चढत होतं तेव्हा इकडं अधूनमधून ऊन पडलं होतं, बाबा सांगतात लोक गच्चीवर कपडे वाळत घालून पाणी बघत होते. तेव्हा सांगलीतल्या माणसाला आभाळ बघून काही कळत नाही आणि पावसाच्या रंगावरून पण नाही. तेच रंग मी नदीला वापरले तर दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होणार.

त्यामुळं एकच रंग, पिवळ्यावर काळी अक्षरं. कॉन्ट्रास्टचा, म्हणजे अक्षर आणि मागच्या रंगातल्या फरकाचा, नियम साध्या मजकुराला कमीत कमी ४.५ ला १ सांगतो, हे त्याच्या कितीतरी पुढं जातं. आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं नेऊन काढलं, काळं-पांढरं पण नीट वाचता येतं. झेरॉक्सची टेस्ट आमच्या कुठल्याच लेक्चरला शिकवलेली नाही, पण फुटलेला स्क्रीन, ऊन आणि झेरॉक्स, हे तीन पास झालं की बाकीचं मी सोडून देते.

२१ मार्च

आज्जी वाचत नाही, त्यामुळं व्हॉइस नोट. पहिली नोट भाऊनं रेडिओसारखी घुमवून म्हणली, आज्जीनं मधेच विचारलं कोण गेलं का. मग शेजारच्या मावशींना बसवलं, त्यांच्याच बोलीत:

"आज बुधवार हाय. सकाळचं धा वाजल्यात. दत्तनगरासाठी सांगतीया. पाणी चढतंय अजून. देवळाच्या पायरीला लागलंय. जनावरं आत्ता हलवा, म्हातारी माणसं आणि लेकरं जेवून घ्या आणि निघा. कागदपत्रं आणि औषधं पिशवीत घ्या. परत दुपारी दोनला सांगते."

शेवटचं वाक्य मावशींनी स्वतःच्या मनानं घातलं आणि तेच सगळ्यात भारी निघालं. परत कधी सांगणार ते कळलं की माणूस दर पाच मिनिटाला फोन उघडत नाही, आणि दोनला काही आलं नाही तर काहीतरी बिनसलंय हे पण कळतं. मी ते उचलून इमेजमध्ये पण टाकलं: "पुढची खबर दुपारी २ ला."

२ एप्रिल

आता फिरवून बघायचं. पण एप्रिलात पुराचा मेसेज ग्रुपवर सोडायचा म्हणजे आफत, "सराव" असं केवढंही मोठं लिहा, कुणीतरी कापणार आणि ऑगस्टात तो फिरणार. म्हणून त्याच लेआउटमध्ये आंबे घातले. वार, वेळ, जागा मारुती चौक, "हापूस पेटी आली, साठा उतरतोय, पुढची खबर दुपारी २ ला." घरच्यांना सांगून वेगवेगळ्या ग्रुपवर सोडला.

निकाल असा. स्टेटसला टाकलं की वरच्या पट्टीवर नाव आणि डीपी येऊन बसतो, माझी वेळ नेमकी त्याच्या मागं. वेळेची पट्टी खाली घेतली. फिरून आलेली इमेज बारीक झालेली पण वाचता येते. एका ग्रुपवरून परत आली ती खालून वाढलेली, कुणीतरी दादांचा हात जोडलेला फोटो आणि "सौजन्य" चिकटवलेलं! आंब्याला सौजन्य! हे पुरात तर शंभर टक्के होणार, म्हणून खालची मोकळी जागा काढून टाकली, आयर्विनचे फूट थेट कडेपर्यंत नेले. फोटो लावायचाच तर माहिती झाकावी लागेल, तेवढी तरी लाज वाटू दे.

आणि आईला दोन दिवस फोन येत होते, पेटी कितीला म्हणून. एक काकू तर मारुती चौकात जाऊन आल्या. आई माझ्याशी बोलत नव्हती. वहीत मात्र लिहिलं: जागा आणि वेळ वाचणाऱ्याला नीट पोचली.

११ एप्रिल

मॅडम म्हणाल्या क्यूआर कोड टाक, स्कॅन केलं की लाइव्ह पातळी. मी नको म्हणलं. पाणी चढलं की वीज आधी बंद करतात, ती करायलाच लागते, मग चार्जिंग नाही, टॉवरचं काही खरं नाही, आणि एकाच फोनवर कोड असेल तर तो स्कॅन कुठल्या फोननं करायचा हा आणखी वेगळा प्रश्न.

त्याऐवजी कागद. दूध डेअरी, रेशन दुकान, देऊळ, जिथं माणूस येतोच तिथं लावायचा ए-थ्री, मार्करनं भरायचा. डावीकडं उभी पट्टी, आणि पट्टीवर फूट नाहीत, त्या गल्लीच्या खुणा. सूर्यवंशी प्लॉटच्या कागदावर खालून वर: हापशाचा कट्टा, खालची पायरी, वरची पायरी, विजेच्या डीपीचा खांब. पाणी जिथं आहे तिथं रेघ मारायची आणि शेजारी वेळ. दुसरी रेघ मारली की चढ-उतार आपोआप दिसतो, बाणाची गरजच राहिली नाही. हे हरभट रोडच्या काकांच्या चौकटीवरूनच घेतलंय, त्यांना सांगितलं तर म्हणाले मग रॉयल्टी द्या.

अडचण एक मोठी आहे. रस्ते. २०१९ नंतर काही गल्ल्यांत रस्ता उचललाय, काँक्रीट पडलंय, आणि घरं होती तिथंच राहिलीत. म्हणजे जुन्या माणसांच्या डोक्यातला क्रम, कट्टा आधी का पायरी आधी, काही ठिकाणी उलटा झालेला असू शकतो. लेव्हल ट्यूब (दोन जागांची उंची ताडायची पाण्याची नळी) घेऊन मोजायला लागणार, सिव्हिलचा एक मित्र येतो म्हणालाय, येतो म्हणालाय तीन आठवडे झाले.

१९ एप्रिल

ज्युरी, म्हणजे प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, झाली. बाहेरून आलेले सर पिवळा कागद हातात घेऊन म्हणाले, "छान आहे, पण यात डिझाइन कुठं आहे?" हळदीचे डबे शेजारीच मांडलेले, सोनेरी फॉइलवाले, तिथं डिझाइन लांबून दिसत होतं. मी आंब्याची गोष्ट सांगितली, सगळे हसले, सरही हसले, मग त्यांनी मावशींची नोट दोनदा ऐकली. मार्क कसे पडतील देव जाणे. मला विचाराल तर त्या खोलीत ज्याच्यामुळं कुणी घरातून उठून मारुती चौकापर्यंत चालत गेलं असं काम माझं एकच होतं.

२५ एप्रिल

मित्र आला एकदाचा, लेव्हल ट्यूब घेऊन. सूर्यवंशी प्लॉटात कट्टा अजून सगळ्यात खाली आहे, काकू जिंकल्या. दत्तनगरात देवळाची पायरी आता रस्त्याच्या बरोबरीला आलीय, ती खूण काढून टाकली, तिच्या जागी पिठाच्या गिरणीचा उंबरा. मावशींची नोट पण परत रेकॉर्ड करायला लागणार.

हरभट रोडच्या काकांना लॅमिनेट केलेला कागद दिला, त्यांनी तो चौकटीच्या शेजारीच लावला आणि लगेच अजून एक मागितला, मेहुण्यांचं दुकान मिरजेत कृष्णाघाटाकडं आहे म्हणून. म्हणलं काका, हा तिथं चालणार नाही, तिथल्या खुणा वेगळ्या, त्यांचा नंबर द्या. नंबर घेतलाय. सोमवारी फोन करायचा, आणि त्यांना आधीच विचारायचं की २०१९ ची रेषा दुकानात अजून आहे का रंग मारलाय.